तुम्ही फक्त बघा

कान्हे फाट्याला स्कूटी आत वळवली की पहिली काही मिनिटं ट्रकांचा धूर असतो. तो मागे पडतो, टाकवे जवळ येतं, आणि मग कापलेल्या भाताचा वास येतो. इंद्रायणी तांदळाचा. शिजताना घरभर पसरतो तो वास वेगळा. हा ओलसर, गवताळ, जरासा गोडूस. पूर्वी हा वास आला की मी स्कूटीचा वेग वाढवायचे. यंदा कमी केला. कडेला उभी राहिले, हेल्मेटची काच वर केली आणि वाटलं, पाच मिनिटं इथंच बसावं. कापणीचे दिवस आले की मला आता आनंदाच्या आधी थकवा येतो. त्याला कारण आहे.

खंडाळ्याच्या एका हॉटेलात मी रिसेप्शनला आहे. पावसाळाभर भुशी धरणाच्या पाण्यात भिजून आलेली माणसं आमच्या फरशीवर ठिबकत उभी राहतात आणि गरम पाणी कधी येणार म्हणून विचारतात. मी हसून उत्तर देते. संध्याकाळपर्यंत गालाचे स्नायू दुखतात, हे कुणाला खरं वाटत नाही. दिवाळी सरली की ओले टॉवेल कमी होतात, आणि मी चार दिवसांची रजा टाकून माहेरी कापणीला जाते. माहेर म्हणजे टाकव्याच्या पलीकडची, वीस-बावीस घरांची वाडी. त्या वाडीतून बी. ए. झालेली मी पहिली. नुसती मुलींत नव्हे, सगळ्यांत पहिली. हे मी कधी लपवलं नाही आणि आताही लपवत नाही. माझ्या वडिलांना, आबांना, अक्षर येत नाही. पण पदवीच्या फोटोसाठी त्यांनी देव्हाऱ्याशेजारी स्वतः खिळा ठोकला. मला तेव्हापासून एक खोड लागली होती. सहीखाली बी. ए. लिहायची. कुरिअरवाल्याच्या कागदावरसुद्धा.

चार कापण्यांपूर्वी सिनेमाची मंडळी आमच्या हॉटेलात उतरली. मी काउंटरवर फोनवर बोलत होते, "न्हाई ओ आबा, रजा कुटं देत्यात हितं," आणि समोर त्यांचा दिग्दर्शक किल्लीसाठी उभा. पोरगेलासा, दाढीवाला. म्हणाला, "मॅडम, आत्ता बोललात ना, ती भाषा हवीय मला." मला आधी लाजच वाटली. कॉलेजात तीन वर्षं जी भाषा जिभेवरून खरवडून काढली, ती या माणसाला हवी होती. मग लाज गेली आणि छाती फुगली. त्यांच्या कलाकारांना आमच्याकडचं बोलणं शिकवायचं काम मला मिळालं, आणि गाव शोधत होते ते, तर मी आमचीच वाडी दाखवली. भातं उभी होती, लोंब्या नुकत्या वाकायला लागल्या होत्या. त्यांना तेच पाहिजे होतं.

सिनेमा साध्या माणसाचा होता. गावातल्या दूध केंद्रावर दूध मापून घेणारा एक पन्नाशीचा माणूस. त्याला एका सकाळी दिसतं की त्याचा सख्खा पुतण्या ओढ्यावर कॅनमध्ये पाणी घालतोय. पुतण्याचं लग्न ठरलेलं. बोललं तर घर मोडतं, नाही बोललं तर रोज सकाळी त्याच दुधाला माप लावायचं. बस, एवढीच गोष्ट. कुणी मरत नाही, कुणी नाचत नाही. माणूस चहा पितो आणि कप खाली ठेवायचा विसरतो, तेवढ्यावर कॅमेरा दोन मिनिटं थांबतो. मला असले सिनेमे तेव्हाही आवडायचे. मारामारीच्या सिनेमात चांगला कोण, वाईट कोण हे कपड्यांवरून कळतं. यात कळत नाही. वाईट वागणारा आपल्या भावासारखा दिसतो आणि चांगला वागणारा हट्टी, जरा कंटाळवाणा, जेवताना आवाज करणारा असतो.

शेवटी तो गावासमोर उभा राहून खरं सांगतो. त्याला दीड पानाचं भाषण लिहिलं होतं. मी वाचलं आणि दिग्दर्शकाला म्हटलं, "आमच्याकडं माणूस एवढं बोलत नाही. एवढं बोलायला लागला तर लोकांना वाटतं, हा काहीतरी लपवतोय."

"मग काय म्हणेल?"

मी म्हटलं, "व्हय. म्या पायलं."

"आणि?"

"आणि काही नाही. खाली बसेल."

त्यानं दीड पान खोडलं. माझे तीन शब्द राहिले. त्या दिवशी मी हवेत होते. पुस्तक लिहिल्यासारखं वाटत होतं.

गावसभेचा प्रसंग आमच्या देवळापुढं घेतला. गाव म्हणून आमचीच माणसं बसवली. पुढच्या रांगेत यासीनकाका होते. यासीनकाकांचं घर आमच्या घरापासून तिसरं. त्यांची भाताची खाचरं आमच्या चुलत्यांच्या, तात्यांच्या शेताच्या पलीकडं. मी शाळेत होते तेव्हा त्यांच्या शेतावर डबा घेऊन जायचे, तात्यांच्या बांधावरून, उंबराच्या खालून. वाडीतले सगळेच त्या बांधावरून जायचे. वाट म्हणजे काय, माणसं चालून चालून गवत उगवायचं थांबलेली फूटभर माती.

नटाच्या पायांना चिखल लावायला त्यांचा माणूस बादली घेऊन आला तेव्हा यासीनकाका मोठ्यानं म्हणाले, "हितं चिकल कमी हाय व्हय, म्हनून पुन्यास्नं आनला?" सगळी सभा हसली आणि ते चित्रण फुकट गेलं. मग दिग्दर्शकानं हात जोडून सांगितलं, "काका, मावशी, ऐका. तुम्ही काही करायचं नाही. काही बोलायचं नाही. तुम्ही फक्त बघा."

आम्ही फक्त बघितलं. अकरा वेळा त्या नटानं "व्हय, म्या पायलं" म्हटलं आणि अकरा वेळा आमच्या वाडीनं तोंड न उघडता बघितलं. त्याची वाडीला सवय होतीच, हे मला तेव्हा सुचलं नाही.

त्याच दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, तात्या मोटरसायकलवर आले. तात्यांनी ते शेत पुण्याच्या एका पार्टीला बंगल्यासाठी द्यायचं ठरवलं होतं. पार्टीला जागेतून कुणाची वाट नको होती. यासीनकाकांनी वाट राहू द्या म्हणून कचेरीत अर्ज केला होता, म्हणून जागेची पाहणी लागली होती. पाहणीला आलेला माणूस तात्यांच्या ओट्यावर चहा पिऊन गेला. पंचनामा तयार होता, दोन पंचांच्या सह्या हव्या होत्या. एक झालेली.

"दोन मिनिटाचं काम हाय," तात्या म्हणाले. "तू शिकल्याली. तुझ्या सहीला वजन हाय."

मी कागद वाचला. न वाचता मी सही करत नाही, याचाही मला अभिमान होता. लिहिलं होतं, आम्ही पंचांनी समक्ष जागेवर जाऊन पाहणी केली असता बांधावर गवत असून वहिवाटीची वाट दिसून आली नाही.

"तात्या, वाट तर हाय की तितं."

"कुटं हाय? जाऊन बग. कमरंएवडं गवात झालंय. दिसती का? न्हाई दिसत. मंग तसंच लिवलंय. खोटं काय हाय त्यात?"

"यासीनकाकांचं काय?"

"त्याचं-माजं बोलनं झालंय. तू नगं काळजी करू."

आश्विनात आमच्याकडं सगळ्याच वाटा बुजतात. पावसाळाभर कुणी त्या बांधावर पाय ठेवत नाही, गवत मातीला झाकून टाकतं. कापणीला पहिला भारा डोक्यावरून गेला की वाट परत उघडते. हे वाडीतलं शेंबडं पोर सांगेल. मीही सांगितलं असतं. पण पलीकडून हाक आली, "मॅडम, डायलॉग!" आणि नट माझ्याकडे बघत उभा. मी पेट्रोलच्या टाकीवर कागद ठेवला, सही केली, खाली बी. ए. लिहिलं आणि पळत गेले. 'व्हय' म्हणताना ओठ किती उघडायचे, हे त्याला बाराव्यांदा समजावून सांगायला.

आता या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला आहे. सिनेमात असं घडलं असतं तर माझा हात थरथरला असता. पेनावर प्रकाश पडला असता, मागं एखादी बासरी थांबली असती. प्रेक्षकांना कळलं असतं की आता काहीतरी होतंय. मला काही कळलं नाही. मला वाटलं मी घाईत आहे. साध्या माणसाची सदसद्विवेकबुद्धी अशी घाईत असताना, दुसऱ्याच कुठल्या तरी चांगल्या कामाला निघालेली असताना जाते. आणि ती गेल्याचा आवाजही होत नाही.

दिवाळीनंतर कापण्या लागल्या. आमच्याकडं सावड असते. आज सगळ्यांनी मिळून आमचं भात कापायचं, उद्या तुमचं, परवा त्यांचं. मजुरीबिजुरी काही नाही, माणसाला माणूस. आमच्या सावडीत तीन घरं होती: आमचं, तात्यांचं, यासीनकाकांचं. आमच्या दिवशी सकाळी दहिवर अजून लोंब्यांवर होतं, विळे धुवून ठेवले होते, आणि यासीनकाकांचा पत्ता नव्हता. ते येण्याआधी रोज पहाटे शेतावर फेरी मारून यायचे. आले तेव्हा ऊन वर आलेलं आणि पाय गुडघ्यापर्यंत भिजलेले.

"यासीन, येळ केला?" आबांनी विचारलं.

"वड्यातनं फिरून आलो. तात्यांनी बांधाला तार मारली न्हवं."

तात्या खाली मान घालून कापत होते. विळ्याचा आवाज तेवढा जोरात यायला लागला. यासीनकाका आमच्या खाचरात उतरले आणि बाकी सगळ्यांसारखेच कापायला लागले. दिवसभर त्या विषयावर शब्द नाही. दुपारी आईनं भाकरी वाढली, तर म्हणाले, "वहिनी, आवंदा ठेचा लय जहाल झालाय, कोनावर राग काडलाय?"

आबांनी मला संध्याकाळी खळ्यावर विचारलं. पेंढा रचत होते, हात थांबवला नाही.

"पंच कोन व्हतं?"

मी खाली पडलेल्या काड्या गोळा करायला लागले.

"त्वा व्हय?"

"घाईत होते आबा. शूटिंग होतं."

आबा पुष्कळ वेळ पेंढाच रचत राहिले. मग म्हणाले, "म्याबी पंच व्हतो म्हाताऱ्या शेवंताची म्हस दरडीखाली मेली तवा. दोन डोंगर चडून गेलतो. मेल्याली म्हस, नाकाला फडकं लावून बगितली. मंग आंगटा दिला." एवढं बोलून पुढची पेंढी उचलली. "आंगटा कुटंबी बसतो ग. पर पाय आदी गेलं पायजेत."

आबा माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी वाद घातला असता. वाद मला येतो. त्या रात्री झोप उडाली वगैरे मी सांगत नाही. मी झोपले. दमले होते.

पुढच्या वर्षी सिनेमा तयार झाला आणि त्या मंडळींनी लोणावळ्यात एका शाळेच्या सभागृहात दुपारचा खेळ ठेवला, वाडीसाठी खास. टेम्पो भरून माणसं आली. स्वतःला पडद्यावर बघून बायका पदर तोंडात धरून हसत होत्या. यासीनकाका माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले होते. शेवटचा प्रसंग आला. तो माणूस उभा राहिला. "व्हय. म्या पायलं." खाली बसला. टाळ्या पडल्या. यासीनकाकाही टाळ्या वाजवत होते, मनापासून. माझ्या मांडीवर माझे हात पडलेले होते. ते तीन शब्द माझे होते आणि मला ते कुठंही उच्चारता आले नसते, कारण मी पाहिलंच नव्हतं. मी फक्त सही केली होती की पाहिलं.

पडद्यावर मागच्या रांगेत मी पण होते. एक क्षणभर दिसते. कपाळाला आठी घालून, फार गंभीर चेहऱ्यानं फक्त बघणारी.

बाहेर चहा होता. मी यासीनकाकांजवळ गेले आणि एका दमात सांगितलं, "काका, पंचनाम्यावर सही माझी आहे."

"ठावं हाय की. मला कागदाची नक्कल आलती. सातवी झालोय म्या, वाचाया येतंय." चहाचा भुरका मारून म्हणाले, "तुजी बी. ए. बी वाचली."

"मग आमच्या सावडीला का आलात?"

"तुज्या सहीवर भात पिकलंय व्हय तुज्या बापाचं? सावड हाय, यावं लागतंय." मग पुढं म्हणाले, "सिनेमातला मानूस बरा व्हता. लगीच खरं बोलला. दोन तासात मोकळा."

त्यात टोमणा होता की नव्हता, अजून ठरवता आलेलं नाही. ते तसेच बोलतात.

आठवड्यानं मी रजा टाकून कचेरीत गेले. अशा वेळी आपल्याला सिनेमातली सभा आठवते. सगळं गाव समोर बसलेलं, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ऊन. माझ्यासमोर एक कारकून होते, डब्यातली भेंडी संपवत. मी म्हटलं, पंचनामा केला त्या दिवशी मी जागेवर गेले नव्हते, ते लिहून द्यायचंय. वाट तिथं आहे, मी लहानपणापासून चाललेय.

"मग तेव्हा सही का केली?"

"घाईत होते."

"आणि आता निवांत आहात?" त्यांनी डबा बंद केला. माणूस वाईट नव्हता, आवाज खाली करून म्हणाला, "ताई, खोटी सही केली असं स्वतःच्या हातानं लिहून देताय. नोकरी करता ना? घरी विचारलंय? कुणी काही म्हणत नाहीये तुम्हाला. कशाला?"

कशाला, याचं छान उत्तर सिनेमातल्या माणसाला दीड पानात लिहून दिलं होतं आणि मीच ते खोडायला लावलं होतं. मी म्हटलं, "कागद द्या." लिहिलं. मी जागेवर गेले नव्हते. सही केली. खाली बी. ए. लिहायला पेन गेलं होतं, ते उचललं. ती पदवी या कागदावर मला शोभली नसती. किंवा खरं सांगायचं तर, पहिल्यांदाच तिची गरज वाटली नाही.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. साध्या माणसांच्या सिनेमाबद्दल माझी तक्रार असेल तर एवढीच आहे. खरं बोलला की तिथं दिवे लागतात आणि माणसं खुर्च्यांतून उठतात. दूध केंद्र दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतं का, पुतण्याची आई त्या माणसाला काय म्हणते, तो त्याच मापानं दूध मापताना कुणाकडं बघतो, हे कुणी दाखवत नाही. माझा कागद फायलीत लागला. तारखा पडतात. दोनदा साहेब बदलले, एकदा फाईलच सापडेना. पार्टीनं तारेच्या जागी भिंत बांधली, उंबर तोडला. हॉटेलातून तारखेला जायला रजा मागते तेव्हा मॅनेजर विचारतात, "अजून ते चाललंय?" तात्या आमच्याशी बोलत नाहीत. माझ्या मुलाच्या बारशाला आले नाहीत. सावडीतून एक घर गेलं; आता आमचं आणि यासीनकाकांचं, दोनच. दोन घरांची सावड म्हणजे दिवस तेवढाच आणि कंबर दुप्पट. वाट मिळालेली नाही. मिळेल की नाही, ठाऊक नाही. मी खरं बोलले आणि काहीही झालं नाही, झालं ते एवढंच.

यंदा यासीनकाकांचं खाचर शेवटी कापलं. भारे खळ्यावर आणायचे तर भिंतीला वळसा घालून, ओढा ओलांडून, पलीकडच्या चढावरून. बांधावरून पाच मिनिटं लागायची, तिथं आता अर्धा तास. आबांचे गुडघे गेलेत, तरी काठी टेकत आले. यासीनकाका चिडले, "तुमी कशाला आलाव आबा? काय उचालनार हाय तुमच्यानं?" आबा म्हणाले, "बसतो की वड्यावर. मोजतो खेपा." आणि खरंच ओढ्याकाठी दगडावर बसून मोजत राहिले.

मी भारा डोक्यावर घेतला. रिसेप्शनला दिवसभर उभं राहणं वेगळं आणि हे वेगळं. भाताच्या काड्या मानेला टोचतात, घाम डोळ्यांत उतरतो आणि पुसायला हात मोकळा नसतो. भिंतीपलीकडं कुणीतरी हिरवळीला पाणी घालत होतं, त्याचा थंड आवाज येत होता. तिसऱ्या खेपेला ओढ्याशी पोचले आणि पाय पुढं जाईनात. भारा उतरवून बसले. मागून यासीनकाका आले, तेही बसले. दोघंही धापा टाकत होतो. पाणी पायांवरून जात होतं.

जरा दम खाऊन ते म्हणाले, "सिनेमात ह्यो भाग न्हाई दावला."

"हा कोण बघणार काका? भारे, ओढा, परत भारे. कंटाळून उठून जातील लोक."

त्यांनी ओंजळीनं तोंडावर पाणी मारलं, काठावर मोजत बसलेल्या आबांकडं बघितलं.

"आमी बगितला आसता," म्हणाले. मग उभे राहिले, माझा भारा दोन्ही हातांनी उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. "चल. आजून चार खेपा हायेत."